सुट्टीसाठी ठेवलेलं

आईच्या कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असते. मागितली की ती आधी विचारते, "कशापायी?" आणि उत्तर काहीही दिलं तरी किल्ली काही मिळत नाही. परवा मात्र तिनं न विचारता ती सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मी जरा घाबरलेच.

मी गावी गेले होते ते तिला घेऊन यायला. आमचं गाव पाटणच्या रस्त्यावर, कोयनेच्या काठाला. आबा गेल्यापासून आई तिथं एकटीच असते. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरली आणि तिचा गुडघा धरला तो धरलाच. शेजारी माझ्या चुलतभावाची बायको, मंदावहिनी, येऊन भाकरी टाकून जाते, म्हणून चाललंय. मी साताऱ्याला दोन खोल्यांत राहते. कचेरीतली नोकरी संपली, लग्न केलं नाही, मागं-पुढं कुणी नाही. मग आईनं माझ्याकडं यावं यात न पटण्यासारखं काय आहे? पण नाही. दर रविवारी मी बसचे धक्के खात जायचं आणि दर रविवारी तिनं नवं कारण काढायचं. म्हैस आहे म्हणाली. म्हैस विकली तर मांजर आहे म्हणाली. परवा मी मनाशी ठरवूनच गेले होते, की आज हो म्हणवून घ्यायचं, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिचं म्हातारपण तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

"आदी कपाट आवरू," ती म्हणाली. "मंग बोलू."

कपाट लोखंडी आहे, हिरवट रंगाचं. दार उघडताना ते अजून तसंच कण्हतं. आणि मग वास येतो. डांबराच्या गोळ्या, वाळून चुरा झालेला कडुनिंबाचा पाला, चंदनी साबण, आणि या सगळ्याच्या खाली बरीच वर्षं घडीत राहिलेल्या कापडाचा वास, गार आणि किंचित गोडसर. तो नाकात गेला की मी दहा वर्षांची होते. त्याला माझा इलाज नाही.

वरच्या कप्प्यात निळ्या फुलांच्या कपबशा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्याखाली चादरी, उशांचे अभ्रे, काश्मिरी शाल. त्याखाली साबण. बाई गं, किती साबण! वेष्टनावरच्या बाईचं तोंड पार फिकट झालेलं. मी एक हुंगून पाहिला. वास वेष्टनाला होता, साबणाला नव्हता.

आता एक गोष्ट सांगून टाकते. मी कंजूष नाही. साताऱ्यातल्या माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला तसं वाटतं, आणि काहीजण तर तोंडावर बोलतात. माझ्या घरात ताटं चार, पातेली तीन, कढई एक. दारं असलेलं कपाट नाही, भिंतीला फळ्या आहेत, त्यावर सगळं उघडं दिसतं. साड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. कचेरीतल्या बायका विचारायच्या, "मॅडम, तुमच्याकडं जेवायला यायचं तर ताट घरून आणायचं का?" मी म्हणायची, "आणा, आणि जाताना घेऊन जा." पण जे आहे ते मी वापरते. आबांनी मला नोकरी लागली तेव्हा पैठणी घेतली होती. ती मी नेसून कचेरीत जायची. सगळे विचारायचे, "आज काय विशेष?" मी सांगायची, "बुधवार." ती पैठणी विरली, तिची उशी झाली, ती उशीही फाटली. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. कमी घ्यायचं, चांगलं घ्यायचं, आणि आज वापरायचं. असं मी का झाले, ते या कपाटातच आहे.

आबा सैन्यात होते. आमच्या गावात निम्म्या घरांतली माणसं सैन्यात, त्यामुळं त्यात मोठेपणा असा काही नव्हता. वर्षातून एकदा ते सुट्टीवर यायचे. आमच्या घरी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा बाकीच्यांसाठी होते. आमच्यासाठी वर्षाचे दोनच भाग, आबा आहेत आणि आबा नाहीत.

आबा नाहीत तेव्हा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाटीत चहा. पांघरायला फाटक्या लुगड्यांची वाकळ. अंगाला लाल साबण, तोही दोऱ्यानं कापून दोन तुकडे केलेला. आणि आबांनी पाठवलेलं, आणलेलं, कॅन्टीनमधून घेतलेलं जे जे म्हणून चांगलं होतं, ते कपाटात. कशालाही हात लावला की आई कुठूनही ओरडायची, "ठीव ते! सुट्टीला काढायचं हाय."

मग पत्र यायचं, की अमुक दिवशी निघतोय. त्या दिवसापासून घराला वेगळाच वास यायला लागायचा. आई शेणानं जमीन सारवायची, भिंतीला पांढरी माती द्यायची, चूल पोतारायची. कपाट उघडायचं. चादरी उन्हात पडायच्या आणि मला त्यांच्या जवळून पळायचीसुद्धा बंदी. कपबशा धुवून पालथ्या घातल्या की मी त्यांच्यावरची निळी फुलं मोजत बसायची. दुपारच्या बसनं आबा यायचे. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव, खांद्यावर वळकटी. त्यांच्या अंगाला बुटाच्या पॉलिशचा आणि आगगाडीच्या धुराचा वास असायचा. ते मला उचलून घ्यायचे आणि मी लाजून मान वळवायची, कारण पहिला दिवसभर ते मला परके वाटायचे. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना सोडायची नाही.

सुट्टीत आम्ही श्रीमंत होतो. चंदनी साबणानं अंघोळ, कपबशीतून चहा, नवी चादर, रात्री अक्रोड फोडून खाणं. आबा बिचारे त्या चादरीवर अवघडून बसायचे. "आवं, नीट बसा की," आई म्हणायची. "बसतो की," ते म्हणायचे, आणि हळूच खाली घोंगड्यावर सरकायचे.

आणि मग ते जायचे. ज्या सकाळी बस त्यांना घेऊन गेली, त्याच दुपारी आई सगळं धुवायला काढायची. डोळे पुसायला तिला वेळ नसायचा. मी मात्र तिच्या आधी आत जायची आणि आबांच्या उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून बसायची. तेवढाच वेळ मिळायचा. संध्याकाळपर्यंत अभ्रा वाळून, घडी होऊन, पाल्यासकट कपाटात गेलेला असायचा, आणि जर्मनच्या वाट्या पुन्हा चुलीपाशी.

एका वर्षी आबा दिवाळीला येणार होते. दिवाळीला ते तोवर कधीच आले नव्हते. आईनं काय काय केलं ते आठवलं तरी मला अजून दम लागतो. फराळ दोन प्रकारचा केला. आमच्या करंज्यांत गूळ आणि डाळीचं पीठ. आबांच्या करंज्यांत किसलेलं सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. त्या वेगळ्या डब्यात गेल्या. वसुबारस झाली, पाडवा झाला, भाऊबीज झाली. आबा आले नाहीत. रजा रद्द झाली होती. का झाली, तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही. गावातल्या इतर घरांतलेही कुणी आले नव्हते. बाया विहिरीवर हळू आवाजात बोलायच्या आणि आम्ही पोरं गेलो की गप्प व्हायच्या.

डबा कपाटात राहिला. मी मागितली नाही असं समजू नका. रडले, आदळआपट केली. आई म्हणाली, "त्येंच्या नावाचं हाय ते." थंडी पडली. ऊस तुटायला लागला, गुऱ्हाळाच्या धुरानं सगळी संध्याकाळ गोड होऊन जायची, पण आमच्या कपाटाशेजारून जाताना मला एक दुसराच वास यायला लागला होता. कडवट, तेलकट. आईच्या नाकाला तो येत नसेल असं मला वाटायचं.

आबा आले ते शिमग्याच्या तोंडावर. वाळलेले, काळे पडलेले, पण धड. आईनं त्यांचे पाय धुतले, कपाट उघडलं आणि तो डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. झाकण निघालं आणि घरभर खवट खोबऱ्याचा वास सुटला. मी आबांच्या मांडीला लागून बसले होते. त्यांनी एक करंजी उचलली, खाल्ली. दुसरी खाल्ली. आई चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"कशा झाल्यात?" तिनं विचारलं.

"लय झ्याक," आबा म्हणाले.

मी हात पुढं केला तर त्यांनी डबा बाजूला ओढला. "पोरीला न्हाई द्याच्या. माज्या हायत न्हवं?" मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी एक कोपरा मोडून माझ्या तोंडात घातला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मला ते थुंकता आलं नाही. तो घास कडू होता. घशाखाली उतरला तरी संध्याकाळपर्यंत जिभेवर होता. दोन-तीन दिवसांत आबांनी डबा संपवला. सगळा, एकट्यानं.

त्यानंतर मला कपाटाचा राग यायला लागला. आबा पेन्शनवर आले, कायमचे घरी राहिले, तरी ती कपाटाची सवय काही गेली नाही. रोज घरी असलेल्या माणसासाठी ठेवणीतलं कसं काढायचं? आबा शेवटपर्यंत जर्मनच्या ताटात जेवले आणि घोंगड्यावर झोपले. ते गेले तेव्हा अंगावर घालायला शाल कपाटातून काढली, तर घडीघडीवर ती चिरली होती. दुसरी आणायला माणूस पाटणला पिटाळावा लागला. त्या दिवशी मी आईशी काही बोलले नाही. पण माझ्या घरात ठेवणीतलं म्हणून काही असणार नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

तर परवा मी त्या कपाटासमोर बसले होते आणि घडी उलगडावी तशी एकेक चादर मधोमध तुटत होती. मला राहवलं नाही.

"बघ," मी म्हणाले. "बघ काय झालं याचं. आयुष्यभर जपलंस. कुणी वापरलं? ना तू, ना मी, ना आबांनी. आबांना तर तू खवट करंज्या खायला घातल्यास, आणि तुला कधी कळलंसुद्धा नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. इतकी वर्षं आबांनी सांभाळलेली गोष्ट मी एका फटक्यात सांडून बसले होते.

आई भिंतीला टेकून, दुखरा पाय पसरून बसली होती. ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून.

"मला म्हाईत न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "आगं, संक्रांतीलाच वास मारत हुतं. मी खाऊन बघितली हुती एक."

"मग दिल्यास कशाला?"

"मंग काय करू? फेकून दिऊ?" तिचं हसू गेलं. "वरच्या आळीतल्या गजराचा मालक त्याच साली गेला. म्हाईत हाय न्हवं तुला? तार आली आन् तिनं त्येचा फराळ गाईला घातला. मी डोळ्यानं बघितलं. मला त्यो डबा फेकाय हात हुईना. त्येंच्या नावाचं घरात हाय तवर त्ये येतील, आसं वाटायचं. येडपणा म्हण. साबण काडला, चादर काडली, आन् तिकडं काय झालं तर? कुणाला सांगू मी?"

मी चादरीच्या तुटक्या कडा जुळवत राहिले.

"त्येंनी खाल्लं," ती म्हणाली. "माज्यासमोर बसून खाल्लं. खवट हुतं, त्येंला बी कळलं, मला बी कळलं. पन त्ये खात हुते न्हवं? मी नुसती बगत हुते."

बाहेर मंदावहिनी कोंबड्यांना हाकलत होती. माझ्या हातात ती तुटकी चादर होती. इतकी वर्षं मी ज्याला वाया गेलेलं म्हणत होते, ते वाया गेलंच नव्हतं. आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं सामान या कपाटातच होतं. आई ते रोज वापरत होती, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. मी दहा वर्षांची असताना जे ठरवून टाकलं, त्यावर सगळं घर उभं केलं आणि आत राहून म्हातारी व्हायला आले. आता ते घर मोडावं असं मला वाटत नाही. चार ताटं मला पुरतात, खरंच पुरतात, आणि उघड्या फळ्यांवर सकाळचं ऊन आलं की मला बरं वाटतं. पण त्या घराच्या मुळाशी आईवरचा राग होता, आणि तो तिथं कशाला ठेवायचा, ते मला सुचेना.

"म्हणून येत नाहीस का माझ्याकडं?" मी विचारलं. "मी असं सगळं टाकून राहते म्हणून?"

आईनं दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुज्या घरी आले हुते न्हवं मी, डोळ्याच्या आपरेशनला? चार ताटं आन् एक खाट. समदं रोजचं. कुणासाठी म्हणून ठिवलेलं काय बी न्हाई. मंजी तू कुणाची वाट बी बगत न्हाईस. आसल्या घरात मी कशी येऊ? पाव्हणी म्हणून बी मला तितं जागा दिसली न्हाई."

असं कधी कुणी मला बोललं नव्हतं. कंजूष म्हणणाऱ्यांना मी हसून वाटेला लावलं होतं, पण हे थेट काळजाला लागलं. आणि मला राग आला की मी आईसारखीच ओरडते.

"वाट बघत नाही? मग दर रविवारी इथं कोण मरायला येतं? सकाळी सातला स्टँडवर जाऊन उभी राहते, ती काय हवा खायला? घरी गेल्यावर आठवडाभर त्या मंदावहिनीला फोन करून कोण विचारतं, आई जेवली का, आई झोपली का? मला नाही ठेवता येत कपाटात काही. मला तसली वाट बघता येत नाही. मला तू रोज पाहिजेस. सुट्टीपुरती नको!"

मंदावहिनी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, काय झालं वो?" आई म्हणाली, "काय न्हाई. लेक भांडतीया. तू तुजं काम कर."

मग तिनं कपाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पाय जरा आखडून घेतला.

"खाट एकच हाय न्हवं तुज्याकडं?"

"एकच."

"मंग? मी काय रातभर भिताडाला टेकून बसू?"

हे आईचं हो होतं. त्यापेक्षा जास्त गोड हो तिला येत नाही.

कपबशा मंदावहिनीनं नेल्या. साबणही तिनंच मागून घेतले, कपडे धुवायला चालतील म्हणाली. आईनं अडवलं नाही. दोन लुगडी, औषधाची पिशवी आणि काठी एवढं घेऊन ती माझ्याबरोबर निघाली. किल्ली कपाटालाच लटकत राहिली. बसमध्ये खिडकीशी बसून ती उंब्रजपर्यंत बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ऊस बरा हाय औंदा," आणि झोपी गेली.

साताऱ्यात उतरल्यावर रिक्षा करून आम्ही आधी खाटांच्या दुकानातच गेलो. कितीतरी वर्षांनी मी घरासाठी मोठी अशी वस्तू घ्यायला निघाले होते. दुकानदार चुणचुणीत होता. आईला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मला विचारलं, "मॅडम, रोजच्या वापराला पाहिजे का पाव्हण्यांसाठी? रोजच्याला ही बघा. साधी, टिकाऊ, परवडणारी."

साधी म्हटल्यावर माझं मन तिथंच बसलं. मी विचारणार होते, केवढ्याला, तेवढ्यात आईनं काठी उचलून कोपऱ्यातल्या शिसवी खाटेवर टेकवली. चारही पायांना कातीव काम, डोक्याकडं नक्षी.

"ही बसाय कशी हाय, बघू दे," ती म्हणाली.

"आज्जी, ती नगा बघू," दुकानदार हसला. "ती चांगली हाय. लोक पाव्हण्यांच्या खोलीत ठेवायला नेतात. रोज झोपायला आसली कुणी घेतं व्हय?"

"मी घेती," आई म्हणाली. "मी लेकीकडं ऱ्हायला आलीया. रोज झोपनार हाय हिच्यावर. रोजच्याला चांगली नको व्हय रं मला?"

आणि ती उठली, काठी बाजूला ठेवली, आणि त्या खाटेवर आरामात पाय वर घेऊन बसली.

मी पिशवीत पाकीट शोधायला लागले आणि पाकीट दिसेना, कारण डोळ्यांपुढं सगळं पाणी झालं होतं. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, खाटेला लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"आवं मॅडम, रडू नका," तो म्हणाला. "कमी करून देतो की."